संगणकावरून पीएलसीच्या मेमरीत लिहू द्यावे का, आणि द्यायचे तर कुठवर?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. आमच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) ऑफिसच्या संगणकाने पीएलसीत, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रकात, लिहावे का या प्रश्नावर मालक, मेंटेनन्सप्रमुख आणि मी यांची तीन मते झाली आहेत. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या कारखान्यांत काम करणारी बरीच मंडळी येथे असल्यामुळे हा विषय येथेच मांडावा असे वाटले.

आमचे बहुतेक कास्टिंग वाहन उद्योगाला जाते आणि ग्राहकाला हल्ली प्रत्येक हीटची (एका वेळी वितळवलेल्या लोखंडाची) नोंद हवी असते. ओततेवेळी लोखंडाचे तापमान किती होते, साच्याच्या वाळूत बेंटोनाइट (चिकट माती) आणि पाणी किती पडले, मिक्सर किती वेळ फिरला, हे सगळे कास्टिंगच्या क्रमांकाशी जोडून दाखवावे लागते. भट्टीजवळच्या पॅनेलमध्ये डेल्टाचा डीव्हीपी मालिकेतला पीएलसी आहे आणि सँड प्लँटवर (साच्याची वाळू तयार करण्याच्या विभागात) सीमेन्सचा एस७-१२०० आहे. दोन्ही इथरनेटवर आहेत. पायथॉनमध्ये लिहिलेला माझा प्रोग्राम दोन्हींची मेमरी दर सेकंदाला वाचून डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि ते काम सुरळीत चालू आहे.

आता मालकांना पुढची पायरी हवी आहे. कोणत्या पॅटर्नला कशी वाळू लागते हे ऑफिसच्या संगणकात आहेच, तर ऑपरेटरने कागद पाहून पॅनेलवर आकडे भरण्याऐवजी संगणकानेच ते सँड प्लँटच्या पीएलसीत लिहावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. मेंटेनन्सप्रमुख म्हणतात की संगणकाला हवे तेवढे वाचू द्या, लिहू मात्र अजिबात देऊ नका. मला दोघांचेही काही अंशी पटते. आपल्यापैकी कोणी हे केले आहे का, आणि केले असेल तर लिहिण्याची मर्यादा कुठे आखली, हे जाणून घ्यायचे आहे.

आणखी एक लहान अडचण आहे. भट्टीच्या पॅनेलवर लोखंडाचे तापमान १४५० अंश दिसत असताना माझ्या प्रोग्राममध्ये मात्र २.००४ असा आकडा येतो. बाकीचे पूर्णांक बरोबर येतात.

मलप्रभा

लहान अडचणीपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर निश्चित आहे.

मॉडबस म्हणजे पीएलसीशी बोलण्याची ठरलेली पद्धत. तिच्यातले प्रत्येक रजिस्टर (मेमरीतली एक जागा) १६ बिटांचे असते आणि दशांश संख्या ३२ बिटांची असते, त्यामुळे ती शेजारच्या दोन रजिस्टरांत विभागून ठेवावी लागते. १४५० ही संख्या दशांश स्वरूपात मांडली की तिचा वरचा अर्धा भाग १७५८९ आणि खालचा अर्धा भाग १६३८४ असा येतो. डेल्टा खालचा भाग आधीच्या रजिस्टरमध्ये ठेवतो, म्हणजे आपले तापमान डी१०० (डेल्टाचे १०० क्रमांकाचे रजिस्टर) पासून सुरू होत असेल तर डी१०० मध्ये १६३८४ आणि डी१०१ मध्ये १७५८९ असेल. आपला प्रोग्राम पहिल्या रजिस्टरला वरचा भाग धरून चालला आहे. त्या उलट्या क्रमाने जोडले की बरोबर २.००४ हीच संख्या तयार होते. दोन रजिस्टरांची अदलाबदल करून जोडा, तापमान जागेवर येईल.

मॉडबसच्या नियमावलीत एका रजिस्टरमधल्या दोन बाइटांचा क्रम ठरवून दिलेला आहे, परंतु ३२ बिटांच्या संख्येविषयी त्यात काहीही सांगितलेले नाही. त्यामुळे प्रत्येक निर्मात्याने आपापला क्रम घेतला. एस७ मध्ये मोठा भाग आधी येतो, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारचे पीएलसी असल्यामुळे एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लावून चालणार नाही.

आपल्या मूळ प्रश्नाशी याचा जवळचा संबंध आहे. वाचताना क्रम चुकला तर पडद्यावर विचित्र आकडा दिसतो आणि माणूस सावध होतो. लिहिताना तोच क्रम चुकला तर तो विचित्र आकडा थेट यंत्राकडे जातो. म्हणून मी पीएलसीच्या प्रोग्राममध्ये एका ठरावीक जागी एक ओळखीची दशांश संख्या कायमची ठेवून देते. संगणकाचा प्रोग्राम सुरू होताच आधी ती वाचतो आणि ती जशीच्या तशी आली नाही तर पुढचे काहीही करत नाही.

राजहंसगड

मलप्रभाताईंनी सांगितले त्यात पत्त्यांची भर घालतो, कारण लिहिण्याच्या कामात सर्वांत जास्त घोळ तेथे होतो.

डेल्टाच्या डीव्हीपी मालिकेत डी० चा मॉडबस पत्ता ४०९६ आणि एम० (एकेका बिटाच्या मेमरीची सुरुवात) चा २०४८ असतो. म्हणजे डी१०० साठी ४१९६. पण काही सॉफ्टवेअरमध्ये हाच पत्ता ४४१९७ असा भरावा लागतो, कारण जुन्या पद्धतीत होल्डिंग रजिस्टरांची मोजणी ४०००१ पासून होते आणि तारेवरून जाणाऱ्या संदेशात ती शून्यापासून होते. या एकाच्या फरकामुळे आकडा शेजारच्या रजिस्टरमध्ये जाऊन बसतो. पीएलसी त्याबद्दल काहीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तो पत्ताही वैधच असतो. अस्तित्वातच नसलेला पत्ता दिला तरच त्रुटी क्रमांक २ परत येतो. त्यामुळे 'त्रुटी आली नाही, म्हणजे बरोबर लिहिले गेले' असे कधीही समजू नये. लिहिल्यानंतर तीच जागा पुन्हा वाचून पाहावी.

आणखी एक. दशांश संख्या लिहायची असेल तर फंक्शन ६ (एकच रजिस्टर लिहिण्याची मॉडबसची आज्ञा) दोनदा वापरू नका. फंक्शन १६ वापरून दोन्ही रजिस्टरे एकाच संदेशात पाठवा, नाहीतर मधल्या क्षणी पीएलसीपुढे अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी भलतीच संख्या उभी राहते. वाचनातही हेच धोरण ठेवावे. फंक्शन ३ ने एका संदेशात १२५ रजिस्टरे वाचता येतात, तेव्हा लागणारी माहिती पीएलसीत सलग मांडून घेतली तर एका फेरीत सगळे हाती येते आणि सर्व आकडे एकाच वेळचे असतात.

हिरण्यकेशी

मी आपल्या मेंटेनन्सप्रमुखांच्या बाजूचा आहे आणि त्यामागची कारणे सविस्तर सांगतो. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचे काम पाहतो. गाळप हंगाम एकदा सुरू झाला की यंत्रणा दिवसरात्र चालते आणि एखाद्या विभागात अडकले तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते.

मॉडबस हा प्रोटोकॉल मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली आणला. त्या काळी पीएलसीला जोडलेली तार पॅनेलच्या खोलीबाहेर जात नसे, त्यामुळे विचारणारा कोण आहे हे तपासण्याची सोयच त्यात ठेवली गेली नाही. आज तोच प्रोटोकॉल ५०२ क्रमांकाच्या पोर्टवरून इथरनेटवर चालतो आणि त्या जाळ्यातला कोणताही संगणक कोणत्याही रजिस्टरमध्ये लिहू शकतो. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामने संगणकावरून पीएलसीचा प्रोग्राम बदलला आणि ऑपरेटरला मात्र आधी साठवून ठेवलेले चांगले आकडे दाखवत ठेवले. आपल्यावर असा हल्ला कोणी करणार नाही हे मान्य, पण ज्या दाराने तो आला तसेच दार आपण स्वतःहून उघडतो आहोत याची जाणीव असावी.

आमच्याकडे घडलेला प्रसंग मात्र हल्ल्याचा नव्हता. रस शुद्धीकरणाच्या विभागात सामू सातच्या आसपास राखण्यासाठी चुन्याच्या मात्रेचा एक सेटपॉइंट (ठरवून दिलेला आकडा) असतो. बाहेरच्या एका एजन्सीने अहवालासाठी प्रोग्राम बसवला होता आणि त्यात काही मर्यादा बदलण्याची सोय दिली होती. तो प्रोग्राम उघडताना पन्नास रजिस्टरे वाचून घेई आणि एक मर्यादा बदलून 'साठवा' म्हटले की पन्नासच्या पन्नास रजिस्टरे परत लिहून टाकी. दुपारच्या पाळीत केमिस्टने पॅनेलवरून चुन्याचा सेटपॉइंट बदलला, संध्याकाळी कोणीतरी ऑफिसात टाकीच्या पातळीची मर्यादा बदलली, आणि सकाळी वाचून ठेवलेला चुन्याचा जुना आकडा त्याबरोबर मुकाट्याने परत गेला. रसाचा रंग बिघडल्यावर शोध सुरू झाला आणि कोणी काय बदलले याची नोंद कुठेच नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे संगणक फक्त वाचतो.

वेदगंगा

हिरण्यकेशी यांनी सांगितलेला प्रसंग फार बोलका आहे. मात्र त्यावरून मी वेगळा निष्कर्ष काढतो. मी पॅनेल आणि ऑटोमेशनची कामे करतो, निपाणीपासून बेळगावपर्यंत आणि तिकडे गोकुळ शिरगावपर्यंत. लिहिणे बंद केले की प्रश्न सुटतो हे खरे, पण मग ऑपरेटर हाताने आकडे भरतो, आणि रात्रपाळीत ८.५ च्या जागी ८५ भरणारा माणूसही असतोच. लिहिण्याची परवानगी देण्यापूर्वी संगणक आणि पीएलसी यांच्यात करार ठरलेला हवा. त्या कारखान्यात तो नव्हता.

कराराचे पहिले कलम असे की एका रजिस्टरला एकच लेखक असावा. ज्या जागेत संगणक लिहितो तेथे पीएलसीने आणि पॅनेलने लिहू नये, आणि पीएलसीच्या जागेत संगणकाने लिहू नये. चुन्याचा सेटपॉइंट एकाच रजिस्टरमध्ये पॅनेलवरूनही बदलत होता आणि संगणकावरूनही, म्हणून तो प्रकार घडला. बिटांच्या बाबतीत हे आणखी काटेकोरपणे पाळावे लागते. एका शब्दातील (म्हणजे एका रजिस्टरमधील) सोळा बिटांपैकी एक बदलण्यासाठी संगणक आधी पूर्ण शब्द वाचतो, बिट बदलतो आणि पूर्ण शब्द परत लिहितो. त्या मधल्या काळात पीएलसीने त्याच शब्दातला दुसरा बिट बदलला असेल तर तो बदल नाहीसा होतो. दोन्ही बाजूंचे बिट वेगवेगळ्या शब्दांत ठेवले की हा धोका मुळातच उरत नाही.

दुसरे कलम असे की संगणकाने पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावे, घरात शिरू नये. सँड प्लँटसाठी मी अशी मांडणी करीन: पीएलसीत एक स्वतंत्र डेटा ब्लॉक (मेमरीचा कप्पा) घ्यावा, त्यात वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड, पाणी आणि मिक्सिंगचा वेळ यांच्यासाठी जागा ठेवाव्यात, एक जागा रेसिपीच्या अनुक्रमांकासाठी आणि सर्वांत शेवटी एक जागा 'तयार' या खुणेसाठी. संगणक आधी सर्व आकडे लिहितो, ते परत वाचून पडताळतो आणि मगच 'तयार' ही खूण लिहितो. यांपैकी कोणत्याही आकड्याला मिक्सरचा प्रोग्राम हात लावत नाही. खूण दिसली की पीएलसी स्वतः तपासणी करतो. बेंटोनाइट २ किलोपेक्षा कमी किंवा १२ किलोपेक्षा जास्त आहे का, पाणी मर्यादेत आहे का, मिक्सरमध्ये घाण (एका वेळचे मिश्रण) चालू आहे का. या मर्यादा पीएलसीच्या प्रोग्राममध्येच लिहिलेल्या असाव्यात, संगणकाला त्या बदलता येऊ नयेत. सर्व काही ठीक असेल आणि चालू घाण संपलेली असेल तेव्हा पीएलसी एकाच स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) सगळे आकडे कामाच्या जागेत उतरवून घेतो, खूण स्वतः पुसतो आणि आपल्या जागेत 'अमुक अनुक्रमांक स्वीकारला' असे लिहितो. एखादा आकडा पटला नाही तर नकाराचा क्रमांक लिहितो. यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी रेसिपी मिक्सरपर्यंत कधीही पोहोचत नाही.

तिसरे कलम संपर्काचे. संगणकाने दर सेकंदाला एक आकडा वाढवत राहावा आणि तो दहा सेकंद बदलला नाही तर पीएलसीने संपर्क तुटला असे समजून शेवटची स्वीकारलेली रेसिपी चालू ठेवावी व पॅनेलवर तसे दाखवावे. विंडोजने मध्येच अपडेट घेतले, वीज गेली, कोणी केबल काढली, तरी सँड प्लँट थांबता कामा नये.

आउटपुटला संगणकावरून कधीही हात लावू नये, हे वेगळे सांगतो. पीएलसी प्रत्येक स्कॅनमध्ये इनपुट वाचतो, लॅडर (त्याचा आकृतीरूप प्रोग्राम) सोडवतो आणि आउटपुट लिहितो. लॅडरमध्ये ज्या आउटपुटची कॉइल (ते चालू-बंद करणारी खूण) आहे त्यावर संगणकाने लिहिलेले पुढच्याच स्कॅनमध्ये पुसले जाते, आणि ज्याची कॉइल नाही ते कोणी बंद करेपर्यंत चालू राहते. दोन्ही गोष्टी वाईटच. इमर्जन्सी स्टॉप तर तारेने थेट सेफ्टी रिलेवरच असला पाहिजे. त्याचा संगणकाशी संबंध एवढाच की तो दाबला गेला होता ही नोंद वाचता यावी.

उद्यमबागकर

मलप्रभाताई, रजिस्टरांची अदलाबदल केली आणि तापमान बरोबर येऊ लागले. मनापासून आभार.

वेदगंगा यांचा प्रतिसाद छापून मेंटेनन्सप्रमुखांना दिला आहे. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एकच प्रश्न विचारला. एस७-१२०० मधून वाचण्यासाठी आम्ही 'पुट-गेट' (बाहेरून पीएलसीची मेमरी हाताळू देणाऱ्या) संपर्काची परवानगी चालू केली आहे. ती परवानगी वाचण्यापुरती आहे, की तिच्यामुळे लिहिण्याचे दार आधीच उघडे पडले आहे?

मलप्रभा

त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. दार उघडेच आहे.

एस७-१२०० मध्ये फर्मवेअरच्या चौथ्या आवृत्तीपासून ही परवानगी मुळात बंद असते आणि ती हार्डवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू करावी लागते. डेटा ब्लॉकवरचा 'ऑप्टिमाइज्ड' हा पर्यायही काढावा लागतो, कारण तो असेपर्यंत बाहेरच्या प्रोग्रामला बाइट क्रमांकाने जागा सापडत नाही. स्नॅप७ सारखी लायब्ररी १०२ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते. परवानगी एकदा चालू झाली की वाचणे आणि लिहिणे असा भेद राहत नाही आणि केवळ आपल्या पेटीपुरतीही ती मर्यादित राहत नाही. ऑप्टिमाइज्ड नसलेले सर्व डेटा ब्लॉक, एम मेमरी (प्रोग्रामच्या खुणांची जागा) आणि आउटपुटची प्रतिमाही (आउटपुटची मेमरीतली प्रत) तिच्या आवाक्यात येते.

दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे पुट-गेट बंद करून पीएलसीच्या प्रोग्राममध्ये मॉडबस सर्व्हरचा ब्लॉक घालावा आणि त्याला होल्डिंग रजिस्टर म्हणून फक्त देवाणघेवाणीचा डेटा ब्लॉक जोडावा. मग बाहेरून रजिस्टर लिहिणाऱ्याला तेवढीच जागा दिसते. मात्र हा ब्लॉक कॉइल लिहिण्याचे फंक्शन ५ आणि १५ थेट आउटपुटच्या प्रतिमेवर चालवतो. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नव्या आवृत्तीत बाहेरून किती आउटपुट बाइट दिसावेत हे ठरवता येते, ती संख्या शून्य करून टाकावी. दुसरा पर्याय ओपीसी यूए (सुरक्षिततेची सोय असलेली औद्योगिक संवादाची पद्धत) सर्व्हरचा आहे. तो एस७-१२०० मध्ये फर्मवेअर ४.४ पासून मिळतो, त्यासाठी परवाना घ्यावा लागतो, पण त्यात प्रत्येक टॅगला (नाव दिलेल्या जागेला) केवळ वाचन की लेखनही हे स्वतंत्र ठरवता येते आणि वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि सर्टिफिकेट यांची सोय असते. मालक खर्चाला तयार असतील तर मी दुसरा पर्याय सुचवीन.

अनगोळकर

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हा धागा सुरुवातीपासून वाचत आहे. कॉलेजच्या लॅबमधील पीएलसी परीक्षेच्या काळात मिळत नाही. प्रत्यक्ष पीएलसी नसताना या देवाणघेवाणीचा सराव कसा करावा, हे कृपया कोणी सांगेल का?

राजहंसगड

अनगोळकर, अवश्य करा, आणि घरच्या लॅपटॉपवरच करा. पायमॉडबस या पायथॉन लायब्ररीत मॉडबस सर्व्हरही लिहिता येतो, स्नॅप७ मध्येही सर्व्हरचा भाग आहे. म्हणजे एका खिडकीत लुटुपुटीचा पीएलसी आणि दुसऱ्या खिडकीत आपला प्रोग्राम असे दोन्ही चालवता येतात. त्यापुढे जाऊन ओपनपीएलसी घेतलेत तर लॅडरचा प्रोग्रामही चालवता येतो आणि वेदगंगा यांनी सांगितलेली पेटी, तपासणी, स्वीकार, नकार हा पूर्ण व्यवहार दोन्ही बाजूंनी लिहून पाहता येतो. प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही. सर्व्हर मध्येच बंद करून आपला प्रोग्राम कसा वागतो ते अवश्य पाहा. बहुतेक विद्यार्थी जोडणी झाली की थांबतात, तुटल्यावर काय होते ते पाहत नाहीत.

घटप्रभा

पीएलसीबद्दल बरेच बोलून झाले, ड्राइव्हबद्दल (मोटारचा वेग बदलणाऱ्या उपकरणाबद्दल) कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. सूतगिरणीत आणि उपसा पंपांवर असे ड्राइव्ह (व्हीएफडी) मॉडबसवर जोडलेले असतात आणि लोक संगणकावरून थेट त्यांच्या पॅरामीटरमध्ये लिहितात. पुष्कळ ड्राइव्हमध्ये पॅरामीटर लिहिला की तो ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवला जातो, आणि तसल्या मेमरीचे आयुष्य साधारण १,००,००० वेळा लिहिण्याइतके असते. दर सेकंदाला एकदा लिहिणारा प्रोग्राम ते आयुष्य सुमारे २८ तासांत संपवतो. वेग बदलण्यासाठी बहुतेक ड्राइव्हमध्ये केवळ रॅममध्ये लिहिले जाणारे वेगळे रजिस्टर दिलेले असते. मॅन्युअलमधून ते शोधून काढावे, आणि आकडा बदलला असेल तरच लिहावे. सतत तोच आकडा लिहीत राहणे ही सवय पीएलसीच्या बाबतीतही चांगली नाही.

तवंदी

थोडे वेगळे पण उपयोगाचे सांगतो. आमच्याकडे एकाच पाळीत कन्नड वाचणारे, मराठी वाचणारे आणि हिंदीवर काम भागवणारे असे तिन्ही प्रकारचे ऑपरेटर असतात. नकाराचे किंवा बिघाडाचे संदेश पीएलसीच्या मेमरीत मजकूर म्हणून साठवण्याचा प्रयत्न करू नका. पीएलसीने फक्त क्रमांक लिहावा, उदाहरणार्थ १७ म्हणजे पाणी मर्यादेबाहेर, आणि संगणकाने तो क्रमांक वाचून ज्याच्या त्याच्या भाषेत वाक्य दाखवावे. नकार का आला हे ऑपरेटरला आपल्या भाषेत कळले की तो मेंटेनन्सला फोन करण्याआधी स्वतःच टाकीतले पाणी पाहतो. मजकुराची फाइल संगणकात असल्यामुळे ती सुधारताना पीएलसीला हात लावावा लागत नाही, हाही मोठा फायदा.

हिरण्यकेशी

वेदगंगा यांचे कलमवार उत्तर मी नीट वाचले. अशी मांडणी असेल आणि मर्यादा पीएलसीच्या आत असतील, तर रेसिपीपुरते लिहू देण्याला माझा विरोध राहत नाही. चालू लूपच्या (सतत चालणाऱ्या नियंत्रणाच्या) सेटपॉइंटबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. रेसिपी दोन घाणींच्या मधल्या वेळेत बदलते आणि तपासायला सवड असते, चालू प्रक्रियेत ती सवड मिळत नाही. नोंदीबद्दल त्यांनी काही म्हटले नाही, ती माझी अट समजा. प्रत्येक लेखनाची नोंद व्हावी: कोणी पाठवले, केव्हा, जुना आकडा काय, नवा काय, पीएलसीने स्वीकारले की नाकारले. ही नोंद संगणकाच्या डेटाबेसमध्ये तर असावीच, पण शेवटच्या काही व्यवहारांची पीएलसीतही असावी, कारण वाद झाला की संगणकातली नोंद बदलली असे म्हणणारे कोणीतरी निघतेच.

आणखी एक गोष्ट उद्यमबागकरांसाठी. पुढे कधी आरएस-४८५ ची (मॉडबससाठीच्या दोन तारांच्या जोडणीची) तार वापरायची वेळ आली तर ती इंडक्शन भट्टीच्या पॉवर केबलबरोबर एका ट्रेमधून नेऊ नका. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा. संदेशात सीआरसी (चूक ओळखणारा पडताळणीचा आकडा) असल्यामुळे बिघडलेला संदेश सहसा स्वीकारला जात नाही, पण वारंवार टाइमआउट येतात, आणि लेखनाचा संदेश पोहोचला पण उत्तर हरवले अशी अवस्था येऊ शकते. तेव्हा प्रोग्रामने आंधळेपणाने पुन्हा लिहू नये, आधी वाचून पाहावे. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा किती पडतात हे सर्वांना ठाऊक आहे. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तांब्याची तार नेण्याऐवजी फायबर टाकलेली बरी.

उद्यमबागकर

काल मालक, मेंटेनन्सप्रमुख आणि मी एकत्र बसलो आणि पुढीलप्रमाणे ठरले. भट्टीचा पीएलसी फक्त वाचायचा. तेथे लिहिण्याची गरजच नाही, आणि माझ्या प्रोग्राममधून त्या पीएलसीसाठीची लिहिण्याची फंक्शने मी काढून टाकली आहेत. सँड प्लँटवर पुट-गेट बंद करून मॉडबस सर्व्हरचा ब्लॉक बसवायचा, आउटपुट बाइटांची संख्या शून्य ठेवायची आणि वेदगंगा यांच्या मांडणीप्रमाणे देवाणघेवाणीचा डेटा ब्लॉक करायचा. पीएलसीचा प्रोग्राम मेंटेनन्सप्रमुख स्वतः लिहून घेणार आहेत आणि बेंटोनाइट व पाण्याच्या मर्यादा तेच ठरवणार आहेत. त्यांच्या आग्रहावरून आणखी एक अट घातली: पीएलसीने रेसिपी स्वीकारली तरी ऑपरेटरने पॅनेलवर आकडे पाहून बटण दाबल्याशिवाय ती लागू होणार नाही. मालकांनी ती मान्य केली. नकाराचे संदेश मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत दाखवू. ओपीसी यूएचा विचार पुढच्या आर्थिक वर्षात करू.

एकच शंका राहिली आहे. हे सगळे चालू करण्याआधी कोणत्या चाचण्या घ्याव्यात?

वेदगंगा

बटणाची अट उत्तम आहे, ती माझ्या मांडणीत नव्हती, पुढच्या कामात मीही घालीन.

चाचण्या रिकाम्या मिक्सरवर, रविवारी घ्या. सगळे आकडे लिहून झाल्यावर पण 'तयार' ही खूण लिहिण्याआधी नेटवर्कची केबल काढा, पीएलसीने काहीही स्वीकारलेले नसावे. घाण चालू असताना नवी रेसिपी पाठवा, ती घाण संपेपर्यंत थांबली पाहिजे. मर्यादेच्या बरोबर काठावरचा आकडा पाठवा, मग त्याहून किंचित जास्त, मग ऋण आकडा, कारण चिन्हाचा विचार नसलेल्या तपासणीत उणे ८ हा आकडा ६५५२८ होऊन येतो. एकच अनुक्रमांक दोनदा पाठवून पाहा. दोन संगणकांवरून एकाच वेळी पाठवून पाहा. पीएलसीची वीज घालवून परत आणा आणि शेवटची स्वीकारलेली रेसिपी टिकली का ते तपासा. ती जागा रिटेंटिव्ह (वीज गेली तरी टिकणारी) केलेली नसेल तर वीज आल्यावर सगळीकडे शून्य दिसेल, आणि आपल्या तपासणीत शून्य हा आकडा नाकारला जातो की नाही तेही त्याच वेळी कळेल. प्रत्येक चाचणीचा निकाल मेंटेनन्सप्रमुखांच्या सहीने लिहून ठेवा. पुढे कोणी पीएलसीचा प्रोग्राम बदलला की याच चाचण्या याच क्रमाने पुन्हा घ्याव्या लागतील.